शिकविल्याचा दाखला

शिकणें आणि आपण शिकलों असें सिद्ध करणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, हें सुशिक्षित वाचकांस पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. ज्या विषयांत शाळेंत आपणांस उत्तम गुण मिळाले त्यांतलें आज किती स्मरतें, आणि ज्याची परीक्षा कोणींच घेतली नाहीं तें पोहणें किंवा पोळी लाटणें अंगांत कसें मुरून राहिलें आहे, याचा ज्यानें त्यानें आपल्याशींच विचार केला म्हणजे पुरे. तथापि व्यवहारांत या दोन गोष्टींची गल्लत होते. आणि ती गल्लत जेव्हां यंत्राच्या साहाय्यानें, शिस्तीनें आणि मोठ्या प्रमाणावर होऊं लागते, तेव्हां तिच्याकडे केवळ हंसून दुर्लक्ष करतां येत नाहीं. ती नीतीची बाब होते.

अलीकडे पुष्कळ घरांत एक दृश्य दिसतें. नोकरी करणारा मुलगा रात्रीं जेवण आटोपून लॅपटॉप उघडून बसतो. पडद्यावर चित्रें सरकत असतात, कोणाचा तरी गोड पण एकसुरी आवाज कांहीं नियम समजावून सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याचें लक्ष मात्र हातांतल्या मोबाइलकडे असतें. मधून मधून तो एक बटण दाबतो. ‘काय चाललें आहे रे?’ असें आईनें विचारलें तर उत्तर मिळतें, ‘कांहीं नाहीं आई, ऑफिसचें ट्रेनिंग संपवून टाकतों आहें.’ या उत्तरांतील क्रियापद लक्षांत घेण्याजोगें आहे. शिकतों आहें असें तो म्हणत नाहीं. संपवून टाकतों आहें असें म्हणतो. मनांत असलेली गोष्ट कित्येकदां आपल्या नकळत तोंडावाटे बाहेर पडते, ती अशी.

हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथीं मारीत आहों असें कोणी समजूं नये. आम्हीही त्याच माळेंतले मणी आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही ज्या कचेरींत काम करीत होतों, तेथें आगीपासून बचाव कसा करावा याचा असाच एक पाठ सर्वांस सक्तीनें नेमून दिला होता. पाठ चाळीस मिनिटांचा, आणि शेवटीं दहा प्रश्न. आम्हीं तो एका दुपारीं दुसरें काम करतां करतां उरकला. उत्तर चुकलें तरी पुन्हां देण्याची मुभा होती. दुसऱ्या खेपेस दहापैकीं दहा गुण मिळाले आणि आमच्या नांवापुढें ‘पूर्ण’ असा शेरा पडला. पुढें तीन-चार महिन्यांनीं एके सायंकाळीं जिन्याखालच्या विजेच्या पेटींतून धूर निघूं लागला. आम्ही पांच-सहा ‘पूर्ण’ झालेले लोक तेथें जमलों. भिंतीवर आग विझविण्याचे दोन सिलिंडर टांगलेले होते. एक पाण्याचा, दुसरा कार्बन डाय-ऑक्साइडचा. विजेच्या आगीवर पाणी मारूं नये, हा त्या दहांतीलच एक प्रश्न होता, आणि त्याचें बरोबर उत्तर आम्हीं सर्वांनीं दिलेलें होतें. तरीही आमच्यांतला एक जण पाण्याच्या सिलिंडरकडे धांवला, आणि आम्हीं त्यास अडविलें नाहीं. कारण आम्हांस कांहींच सुचत नव्हतें. इतक्यांत रखवालदार आला. त्यानें त्या गृहस्थाचा हात धरला, आधीं मुख्य स्विच बंद केला, आणि मग दुसरा सिलिंडर उचलला. या रखवालदाराचें कचेरीच्या संगणकावर खातें नसल्यामुळें त्यास तो पाठ कधीं मिळालाच नव्हता. पूर्वीं एका गिरणींत असतांना त्याच्या हातीं अधूनमधून सिलिंडर देऊन तो चालवावयास लावीत, एवढेंच त्याचें शिक्षण. दुसऱ्या दिवशीं अहवालांत लिहिलें गेलें कीं, सर्व कर्मचाऱ्यांचें अग्निप्रशिक्षण पूर्ण झालेलें होतें. तें वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि तरीही तें वाचतांना आम्हांस लाज वाटली. खऱ्या वाक्याची लाज कां वाटावी, याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

त्यासाठीं हे पाठ कसे तयार होतात हें प्रथम पाहिलें पाहिजे. यंत्रानें शिकविण्याची कल्पना आजची नव्हे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं १९५४ च्या सुमारास शिकविणारें एक यंत्र तयार केलें. विषयाचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर विद्यार्थ्यास प्रश्न विचारावा, आणि उत्तर बरोबर कीं चूक हें त्यास तत्काळ कळावें, अशी त्यांची पद्धति. तयार उत्तरांतून एक निवडण्यापेक्षां विद्यार्थ्यानें उत्तर स्वतः रचावें असा त्यांचा आग्रह होता, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत ‘प्लेटो’ नांवाची संगणकावर शिकविण्याची व्यवस्था सुरू झाली. परंतु संगणकाचा पाठ रचावयाचा म्हणजे प्रोग्रामिंग जाणणारा माणूस लागे, आणि विषय जाणणारा व प्रोग्रामिंग जाणणारा हे दोघे एकाच देहांत क्वचितच सांपडत. ही अडचण दूर करणारीं साधनें विकणें हा पुढें एक स्वतंत्र धंदाच झाला.

या धंद्यांतील आज अग्रगण्य असलेली एक कंपनी म्हणजे ‘आर्टिक्युलेट’. ॲडम श्वार्ट्झ यांनीं ती २००२ सालीं न्यूयॉर्क येथें स्थापन केली. पॉवरपॉइंटमध्यें तयार केलेल्या स्लाइडांना आवाज, हालचाल आणि प्रश्न जोडून त्यांचा पाठ बनवितां यावा, एवढाच तिच्या आरंभींच्या साधनाचा हेतु होता. २०१२ सालीं तिनें ‘स्टोरीलाइन’ काढलें, आणि २०१६ पासून तिचीं सर्व साधनें एकत्र वर्गणीनें मिळूं लागलीं. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या गृहस्थासही यांच्या साहाय्यानें बोलणारा, हलणारा, प्रश्न विचारणारा पाठ रचतां येतो. २०२१ सालीं गुंतवणूकदारांनीं या कंपनींत दीड अब्ज डॉलर घातले, आणि त्या वेळीं तिची किंमत पावणेचार अब्ज डॉलर ठरली. इतर कंपन्याही आहेत. आपल्या पुण्यांतील हार्बिंजर या कंपनीनें काढलेलें ‘रॅप्टिव्हिटी’ हें साधन याच जातीचें. पुण्या-मुंबईंत बसून परदेशांतील कंपन्यांसाठीं असे पाठ रचणारे मराठी तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. तेव्हां हा विषय केवळ दूरदेशचा नाहीं.

आतां या साधनाच्या पोटांत काय आहे तें पाहूं. स्टोरीलाइनमध्यें पाठ रचणाऱ्यास दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली, शिकणाऱ्यास पाठांत कसें हिंडूं द्यावयाचें. त्यास हवें तेथें जाऊं द्यावें, किंवा पाहिलेल्या भागापुरतें मोकळें ठेवावें, किंवा मागेंपुढें अजिबात न जाऊं देतां एकाच वाटेनें चालवावें, असे तीन पर्याय असतात. दुसरी, पाठ ‘झाला’ असें केव्हां मानावयाचें. ठराविक संख्येच्या स्लाइड पाहून झाल्यावर, प्रश्नांत ठराविक गुण मिळाल्यावर, किंवा रचणाऱ्यानें नेमलेल्या एखाद्या ठिकाणीं पोंचल्यावर. आणि तो झाला म्हणजे वर काय कळवावयाचें, यासाठीं शब्दांच्या चार जोड्या तयार असतात: उत्तीर्ण-अपूर्ण, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, पूर्ण-अपूर्ण, पूर्ण-अनुत्तीर्ण. त्यांतून एक निवडावयाची.

हे शब्द कळवावयाचे तरी कोणाला? कंपनीच्या नोंदवहीला. ही नोंदवही म्हणजे दुसरें एक सॉफ्टवेअर असतें, आणि पाठ व नोंदवही यांनीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें याचेही नियम ठरलेले आहेत. विमानधंद्यांतील लोकांनीं असे नियम करण्यासाठीं १९८८ सालीं एक समिति नेमली होती. नंतर १९९७ सालीं सुरू झालेल्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या एका उपक्रमांतून ‘स्कॉर्म’ नांवाचे नियम निघाले. २००१ सालच्या त्यांच्या आवृत्तींत पाठाची स्थिति सांगण्यासाठीं सहा शब्द आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, सुरूच केला नाहीं, आणि चाळला. हा शेवटला शब्द, पाठ नुसता बघण्यासाठीं उघडला असतां वापरावा म्हणून ठेवलेला आहे. आमच्या त्या अग्निप्रशिक्षणास याहून यथार्थ शब्द कोणता मिळाला असता? परंतु ‘सर्व कर्मचाऱ्यांनीं पाठ चाळला’ असा अहवाल कोणत्या कचेरीस आवडेल? सहा शब्दांतील सर्वांत प्रामाणिक शब्द अडगळींत पडून राहतो, याला कारण यंत्र नव्हे. तो ऐकून घेण्याची इच्छा कोणास नाहीं, हें आहे.

ही इच्छा कां नाहीं, याचें उत्तर बऱ्याच अंशीं कायद्यांत सांपडतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं फॅरागर आणि एलर्थ या दोन खटल्यांत असें ठरविलें कीं, वरिष्ठानें हाताखालच्या व्यक्तीचा लैंगिक छळ केल्यास मालक जबाबदार धरला जाईल. मात्र त्या व्यक्तीची नोकरी, पगार किंवा बढती यांस धक्का लागलेला नसेल, मालकानें छळ टाळण्याची व थांबविण्याची वाजवी काळजी घेतली असेल, आणि तिनें त्यानें केलेल्या सोयींचा विनाकारण उपयोग केला नसेल, तर त्यास आपला बचाव करतां येईल. वाजवी काळजी घेतली याचा पुरावा काय? तर प्रशिक्षण दिलें हा. पुढें कॅलिफोर्नियानें २००४ सालीं कायदा करून पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांस, आपल्या पर्यवेक्षकांना दर दोन वर्षांनीं दोन तासांचें प्रशिक्षण देणें बंधनकारक केलें. आपल्याकडील २०१३ च्या कायद्यानेंही कामाच्या ठिकाणीं होणारा स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीं ठराविक कालानें कार्यशाळा व जागृतीचे कार्यक्रम घेणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. हे कायदे योग्यच आहेत, आणि कित्येक स्त्रियांच्या दीर्घ यातनांतून ते जन्मास आले आहेत. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला कीं, पाठाचे श्रोते दोन झाले. एक पडद्यासमोर बसलेला नोकर, आणि दुसरा भविष्यकाळांत कधीं तरी प्रश्न विचारणारा न्यायाधीश. पाठ पहिल्याला उद्देशून बोलतो, पण रचणाऱ्याची नजर दुसऱ्याकडे असते. अमेरिकेंतील नोकरींतील समान संधीच्या आयोगानें नेमलेल्या अभ्यासगटाच्या २०१६ सालच्या अहवालांत हेंच कबूल केलेलें आहे: मागील तीस वर्षांतील असलें पुष्कळसें प्रशिक्षण छळ रोखण्यास उपयोगी पडलें नाहीं, कारण त्याचें लक्ष मुख्यतः कायदेशीर जबाबदारी टाळण्याकडे होतें.

येथें खरा नीतीचा प्रश्न उभा राहतो. ‘पूर्ण’ हा शेरा म्हणजे एक साक्ष आहे. साक्षीदारानें आपण पाहिलें तेवढेंच सांगावें, हा न्यायाचा पहिला नियम. यंत्रानें काय पाहिलें? इतक्या स्लाइड पडद्यावर आल्या, आणि इतक्या वेळां बटण दाबलें गेलें. तेवढेंच तें सांगतें, आणि तें खरें असतें. प्रशिक्षण खातें त्यावरून म्हणतें, ‘पाठ पूर्ण झाला.’ तेंही खोटें नव्हे. अधिकारी वर कळवितो, ‘आमचे सर्व लोक प्रशिक्षित आहेत.’ आणि शेवटीं वकील न्यायालयांत सांगतो, ‘आमच्या अशिलानें सर्व काळजी घेतली.’ हातोहातीं जातांना वाक्य प्रत्येक ठिकाणीं थोडें थोडें फुगत गेलें. पण ‘तूं खोटें बोललास’ असें यांपैकीं कोणाच्याही तोंडावर म्हणतां येत नाहीं. ज्या असत्यास कर्ता नाहीं असें असत्य या रीतीनें तयार होतें. जुन्या नीतिशास्त्रानें खोटें बोलणाऱ्या माणसाचा विचार पुष्कळ केला. खोटें बोलणाऱ्या सांखळीचा विचार आपणांस करावा लागत आहे.

कोणी म्हणेल, हें सर्व यंत्रापूर्वींही होतें. हें आम्हांस मान्य आहे. हजेरीपटावर सही करून मागच्या बांकावर झोप काढणारे विद्यार्थी काय थोडे होते? सत्यनारायणाची पोथी बाहेर चालावी, आंत स्वयंपाकघरांत गप्पा रंगाव्या, आणि प्रसादाच्या वेळीं मात्र सर्वांनीं हजर व्हावें, हें कोणत्या घरांत घडलेलें नाहीं? परंतु वर्गांत शिक्षक असतो. विद्यार्थ्याचा शून्य चेहरा त्याला दिसतो, आणि मनांत आणलें तर तो थांबूं शकतो. हजेरीपट खोटा असला तरी तो खोटा आहे हें जाणणारें एक माणूस त्या खोलींत असतें. आमच्या मतें मोठा फरक हाच आहे. पडद्यावरच्या पाठास शून्य चेहरा दिसत नाहीं, आणि म्हणून त्याचा दाखला खोटा ठरला तरी त्याची टोंचणी लागावी असें मन तेथें हजर नसतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पन्नास गांवीं विखुरलेल्या दहा हजार नोकरांस शिकवावयाचें तर पन्नास उत्तम शिक्षक आणावे कोठून? रात्रपाळीच्या परिचारिकेस पहाटे तीन वाजतां सवड होते. त्या वेळीं तिला शिकविण्यास पडद्याखेरीज कोण बसणार? मंद गतीनें शिकणाऱ्यास तोच भाग दहा वेळां पाहतां येतो आणि कोणी कंटाळत नाहीं. ज्यास ऐकूं येत नाहीं त्यास अक्षरें वाचतां येतात. शिवाय चांगल्या पाठांत शिकणाऱ्यास एखाद्या प्रसंगांत उभें करून ‘आतां तुम्ही काय कराल?’ असें विचारतात, आणि चुकीच्या उत्तराचा परिणाम काय होतो तें दाखवितात. चूक करावी आणि कोणाचें नुकसान होऊं नये, अशी जागा जगांत फार थोडी आहे. ती निर्माण करणें हा या साधनांचा खरा गुण होय. हें सर्व आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. म्हणूनच साधनें टाकून द्या असें आमचें म्हणणें नाहीं.

मग दोष कोणाचा? साधन करणारी कंपनी सहज म्हणेल कीं, सुरी करणारा लोहार खुनास जबाबदार नसतो. पण ही उपमा येथें लागू पडत नाहीं. सुरी बोलत नाहीं. हें साधन बोलतें. त्याची खरी तुलना वजनें-मापें करणाऱ्याशीं केली पाहिजे. सुरीचा उपयोग काय करावा हें घेणाऱ्यानें ठरवावें. पण ज्या मापावर ‘लिटर’ असें लिहिलें आहे त्यांत लिटरभर दूध मावतें कीं नाहीं, याची जबाबदारी माप करणाऱ्याचीच. ‘पूर्ण’ हें माप आहे. त्यांत काय मावतें तें स्पष्ट लिहिणें, म्हणजे ‘चाळीसपैकीं चाळीस स्लाइड पाहिल्या’ असें सरळ सांगणें, यांत कंपनीस कांहीं अवघड नाहीं. तरीही या हिशेबांत तिचा वांटा लहानच धरावा लागेल. कारण हे शब्द तिनें एकटीनें घडविले नाहींत, आणि गिऱ्हाईक तेच मागतें. मोठा वांटा त्या मालकाचा, ज्यास शिकविण्याची नव्हे तर शिकविल्याच्या दाखल्याची गरज आहे. पण आपला वांटाही शून्य नाहीं. आपणांस समजलें नाहीं हें ठाऊक असतां ‘मला हें समजलें’ या बटणावर आपण बोट ठेवतों. सांखळींतील पहिली कडी आपणच असतों. आमच्या सायंकाळच्या लाजेचें कारण हेंच असावें.

यावर उपाय फार गूढ नाहीं. कॅलिफोर्नियाच्या नियमांत एक लहानशी अट आहे: प्रशिक्षण पडद्यावरून दिलें तरी शिकणाऱ्यास आपला प्रश्न एखाद्या प्रशिक्षकापर्यंत पोंचवितां आला पाहिजे, आणि त्यानें फार तर कामाच्या दोन दिवसांत उत्तर दिलें पाहिजे. आमच्या मतें शिकविण्याचें मर्म या अटींत आलेलें आहे. ज्यास प्रश्न विचारतां येतो आणि जो उत्तराची जबाबदारी पत्करतो, तोच शिकवितो. बाकीचें सर्व सांगणें होय. सांगण्याचें काम यंत्रानें खुशाल करावें. पण पाठाच्या शेवटीं एका माणसाचें नांव असावें. जो अधिकारी पाठ नेमून देतो त्यानें तो प्रथम स्वतः अथपासून इतिपर्यंत घ्यावा. आणि जें हातांनीं करावयाचें तें एकदां तरी हातांनीं करून घ्यावें. तोंपर्यंत नोंदवहींत ‘पूर्ण’ लिहूं नये, ‘पाहिला’ लिहावें. एवढ्या एका शब्दाच्या फरकानें पुष्कळ कचेऱ्यांस आपण कोठें उभे आहों तें कळेल.

घरच्या वडील माणसांनींही एक गोष्ट करण्याजोगी आहे. मुलगा किंवा सून ‘ट्रेनिंग संपवून टाकतों आहें’ असें म्हणेल तेव्हां ‘संपलें का?’ असें विचारूं नये. ‘त्यांत काय होतें, आणि तुला काय पटलें नाहीं?’ असें विचारावें. उत्तर देतां आलें तर कांहीं तरी शिकणें झालें असें समजावें. न देतां आलें, तर निदान घरांत तरी त्या शेऱ्याची खरी किंमत कळेल. त्या सायंकाळनंतर आम्हीं रखवालदारास विनंति करून तो सिलिंडर एकदां स्वतः उचलून पाहिला. आमच्या अपेक्षेपेक्षां तो बराच जड होता. पाठांतल्या चित्रांत त्याचें वजन आम्हांस कोठें दिसलें नव्हतें, आणि तें विचारावें असेंही आम्हांस कधीं सुचलें नव्हतें.